उजवा मुंढा पाव इंच सैल

हां रेवा, फोन असा कानाशी नीट धर गं. लांबून ओरडायला मला आवडत नाही, आणि आज तुला ओरडायचंच आहे. काल दुपारी कुरिअरवाला पत्ता विचारत विचारत दारात आला. पाकिटात काय, तर तुझा एक जुना पोपटी ब्लाऊज आणि चिठ्ठी: ‘मावशी, याच मापाचा शिव. लग्नात पांढऱ्या साडीवर घालायचा आहे. फिटिंगला यायला सुट्टी नाही.’ वा गं वा! जिला दुपट्यापासून परकरापर्यंत सगळं मी शिवून घातलं, ती आता मला मापाचा ब्लाऊज पाठवते. हे तर तिऱ्हाईत गिऱ्हाईक करतं.

आणि पाठवलास तो तरी कसा! काखेत उसवलाय, तिथे तूच हातानं टाके मारलेस, पोपटी कापडाला काळा दोरा. पाठीची शिवण ताणून विरत आली आहे. गळा पुढून ढगळ पडलाय. हे माप नव्हे बाळा, ही तक्रार आहे. तिकडे पुण्यात कॉम्प्युटरपुढे बसून तुझी पाठ काय झाली असेल ते मला पोशीरला बसून दिसलं.

आलं तेही नेमकं या दिवसांत. तुळशीची लग्नं लागली, भातं कापून झाली, आणि शेतात ओलीवर टाकलेल्या वालांची दोन-दोन पानं वर आली आहेत. सकाळी दव एवढं पडतं की भिजवून वाळत घातलेलं अस्तर दहा वाजले तरी दमटच. पेंढ्याचा वास, लांब कुठं तरी बँडवाल्यांची तालीम, आणि दाराच्या खुंटीला पिशव्याच पिशव्या. आमच्या धंद्यातली सुगी ती हीच. पांढरं कापड मी या दिवसांत सगळ्यात शेवटी घ्यायची, हात स्वच्छ धुऊन, मशीनचं तेल पुसून. आपल्यात नवरी पांढरी नेसते, आणि पांढऱ्यावर चुकलेली शिवण लपत नाही.

याच दिवसांत आणखी एक गडबड असते, ती लग्नघरात ऐकू येत नाही. कशेळ्याच्या नाक्यावर टेंपो लागतात. डोंगराकडच्या वाड्यांतली माणसं भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं घेऊन त्यांत चढतात आणि वीटभट्टीवर जातात. ती पावसाळा तोंडावर येईपर्यंत परत फिरत नाहीत. चाळीस वर्षं मी या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बघितल्या आणि मान खाली घालून मशीन चालवली. गेल्या वर्षीची लग्नसराई मात्र मला त्या टेंपोमुळंच आठवते.

पण आधी वह्यांचं सांगते, नाहीतर तुला काही उलगडायचं नाही.

मी शिवायच्या आधी उसवायला शिकले. तुझे काका मोहोपाड्याला कारखान्यात होते तेव्हाची गोष्ट. कॉलनीतल्या एका साहेबांच्या बाईंनी मला ब्लाऊज दिला, एक हुक निघालाय, लावून दे म्हणून. काय शिवलेला ब्लाऊज होता तो! मी दुपारी दार लावून घेतलं आणि ब्लेडनं सगळाच्या सगळा उसवला. पाठ, पुढं, बाह्या, पट्ट्या, एकेक तुकडा पेपरवर ठेवून पेन्सिल फिरवली. मग संध्याकाळच्या आत जसाच्या तसा शिवून, हुक लावून, इस्त्री करून परत. बाईंना कळलं नाही असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले. पुढच्या आठवड्यात त्यांनी आणखी दोन पाठवले, ‘हुक लावायला’. त्यांच्या हुकांना काहीसुद्धा झालेलं नव्हतं. आता वाटतं, बाई शहाणी होती.

पोशीरला आल्यावर मी त्या पेपरवरच्या आकारांवर दुकान मांडलं. पहिली आली हौसाबाई, शेतावर राबणारी, रानातून मोळी आणणारी. ब्लाऊज घालून आरशात बघितलं, खूश झाली. चार दिवसांनी परत. म्हणाली, “झ्याक शिवलायस गं. पर ह्यो घालून मला मोळी उचलता येत नाय. देवळात बसायचा ब्लाऊज हाय ह्यो.”

मग मी तिला माझ्यासमोर हात वर करायला लावला. डोक्यावर ओझं घेणाऱ्या बाईचा उजवा हात सारखा वर असतो, ओझं सावरायला. तो खांदा भरतो, दंड भरतो. बाही जिथं खांद्याला जोडतात तो मुंढा, त्याला उजव्या अंगाला थोडी जागा लागते. आम्ही शिंपी काय करतो, कापडाची घडी घालतो आणि दोन्ही बाजू एकदम कापतो. वेळ वाचतो, आणि डावी-उजवी सारखी येते. पण बाई कुठं सारखी असते? त्या दिवशी मी घडी मोडून कापलं आणि वहीत पहिली ओळ लिहिली: उजवा मुंढा पाव इंच सैल.

तेव्हापासून दुकानात एक रिकामा हंडा ठेवला. ब्लाऊज घातला की हंडा डोक्यावर घ्यायचा, दोन पावलं चालायचं, मगच न्यायचा. बाया हसायच्या, “ही शिंपीण हाय का पाणक्याची बायको!” हसू देत. माझा ब्लाऊज काखेत कधी टरकला नाही.

अशा एकतीस वह्या झाल्या गं. शाळा माझी चौथीपर्यंत, अक्षर मुंग्यांचं. त्यात माझ्याच खुणा. मूल डाव्या कडेवर घेणारीला एक खूण, कारखान्यात पॅकिंगच्या टेबलावर दिवसभर वाकणारीला दुसरी. त्या वह्या माझ्याशिवाय कुणाला वाचता यायच्या नाहीत, आणि मला त्याचा अभिमान होता. मूर्ख म्हातारी.

अंगठ्यानं तो अभिमान उतरवला. चाळीस वर्षं कातर धरून उजवा अंगठा मुळातून गेला. खडू धरवतो, कातर धरवत नाही. म्हणून गेल्या वर्षी दारात आलेलं गिऱ्हाईक मी कशेळ्याला पाठवायला लागले. तिथं चंद्रीनं नुकता गाळा घेतला होता. चंद्री वरच्या वाडीतली, बावीस-तेवीस वर्षांची, सहा महिन्यांचा शिवणक्लास केलेली. तिच्या घरातली शिवणयंत्राला बसलेली पहिली. आईबापाबरोबर भट्टीवर दहा हंगाम काढलेली पोर.

मी तिला एक लग्नघर पाठवलं. अकरा ब्लाऊज. लग्नाच्या दहा दिवस आधी शिवून दिले, आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा परत आले. ती पिशवी उराशी धरून पोरगी जीपनं माझ्या दारात.

“मावशी, चार्टापरमानं कापलं. म्याडमनं शिकवलं तसंच. एक सूत चुकलं नाय.”

“मग काय झालं?”

“हात वर जात नाय म्हनत्यात. वरमाय ब्लाऊज घालून दाराला तोरन बांधाया गेली, आन् काखंत टर्रकन्.” मग म्हणाली, “हसू नका मावशी.”

“हसत नाही गं.”

“हसताय.”

हसले होते खरी. पण पुढचं ऐकून हसू विरलं. लग्नघरानं आठ दिवस दिले होते, नाहीतर सगळं नेरळला देतो म्हणाले. आणि नवव्या दिवशी टेंपो होता. “आय बोलली, दुकान नाय चाललं तर चल संगती. दोन हात जास्तीचे व्हतील.” हे सांगताना ती रडली नाही. पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

मी म्हटलं, “तू भट्टीवर जाणार नाहीस.” कशाच्या जोरावर म्हटलं कुणास ठाऊक. पण म्हटलं खरं, आणि एकदा म्हटलं की मी मागं घेत नाही, हे तुझ्या काकांना विचार.

दुसऱ्या दिवशी तिच्या गाळ्यात जाऊन बसले. शिकवायला लागले आणि कळलं की मला शिकवताच येत नाही. हाताला येतं ते तोंडाला येईना. “इथं जरा सोड.” “किती सोडू?” “अगं, बघून कळतं.” “मला नाय कळत, मावशी.” पुढ्यात वह्या होत्या, पण तिला त्या वाचता येईनात, आणि मला सांगता येईनात. असा अर्धा दिवस गेला.

तेव्हा तू त्याच दिवाळीत फोनात घालून दिलेला तो एआय आठवला. तोवर मी त्याला एकदाच विचारलं होतं, मोरावळ्याचं. त्यानं जे सांगितलं ते करून बघायची माझी हिंमत झाली नव्हती. पण म्हटलं, बुडत्याला काय, फोन तर फोन. वह्यांच्या पानांचे फोटो काढायला बसलो.

फोटो काढताना एक मात्र केलं. प्रत्येक नाव झाकायला त्यावर बकरमच्या कडक कापडाची पट्टी ठेवली. शिंपिणीला सासूच्या आधी कळतं गं, कुणाला दिवस गेलेत ते. कुणाची एक बाजू ऑपरेशनमध्ये गेली, कुणाच्या पाठीवर वळ आहेत, हे ती ब्लाऊज चढवताना बघते आणि गिळते. ते मी तुझ्या काकांना कधी सांगितलं नाही, मग फोनला सांगू? काही पानांचे फोटो काढलेच नाहीत. चंद्रीनं विचारलं, हे का नाय? म्हटलं, ही पानं माझ्याबरोबर जातील. पोर समजली. तिनं न सांगता ती पानं रबर लावून वेगळी केली.

आणि काय सांगू, दोन मिनिटांत त्या मुंग्यांच्या अक्षराचा त्यानं सुरेख तक्ता करून दिला. छाती, कंबर, पाठ, मुंढा, सगळं ओळीत. मी हरखले. मग खाली वाचलं. लिहिलं होतं, ‘काही नोंदींमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूच्या मापांत फरक आढळला. लिहिताना चूक झाली असावी असे समजून ती मापे समान केली आहेत.’

माझं डोकं असं तापलं! चाळीस वर्षांची माझी सगळी विद्या त्या पाव इंचात, आणि ह्यानं तीच पुसली, वर शहाण्यासारखं सांगितलं, चूक दुरुस्त केली म्हणून. मी फोन पालथा घातला. चंद्री गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत होती. म्हणाली,

“मावशी, त्यानं बी घडीच घातली.”

बघ हं रेवा. क्लासच्या चार्टानं घडी घातली, चंद्रीनं कापडाला घडी घातली, आणि एवढ्या हुशार यंत्रानंही घडीच घातली. ज्यानं हौसाबाईला डोक्यावर मोळी घेताना बघितलं नाही, तो दुसरं काय करणार! राग गेला. फोन उलटा केला आणि त्याला शिकाऊ पोरीला सांगावं तसं सांगितलं: ही चूक नाही. दोन्ही बाजू वेगळ्या ठेव. जे कळत नाही ते मनानं नीट करायचं नाही, मला विचारायचं.

तर त्यानं विचारलं. ‘उजवी बाजू सैल ठेवण्याचे कारण काय? सगळ्यांसाठी ठेवता, की काहींसाठीच? कोणासाठी ठेवायची, हे तुम्ही कशावरून ठरवता?’

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. गिऱ्हाईक विचारायचं, कधी मिळेल. घरचे विचारायचे, संपलं का. कशावरून ठरवतेस, हे मी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. पुढ्यातला चहा निवला. मग बोलायला लागले, आणि तुला माहीत आहे, मी बोलायला लागले की...

पुढचे दिवस असे गेले: फोन दोऱ्याच्या डब्याला टेकवून उभा, चंद्री एकेक ब्लाऊज उसवतेय, बाहेर जीपवाले ‘कर्जत कर्जत’ ओरडतायत, आणि मी बोलतेय. मोळीवालीचं बोलले, हंडा कमरेवर घेणारीचं बोलले, पॅकिंगवालीची मान पुढं येते आणि पाठीला अर्धा इंच जास्त लागतो तेही बोलले. तो लिहून घ्यायचा, पुन्हा विचारायचा. मी सांगायची तशी चंद्री खडूनं आखायची. कापायला तिचे हात, सांगायला माझं तोंड, विचारायला तो. त्या आठ दिवसांत मला माझा अंगठा आठवला नाही.

आंधळा विश्वास नाही हं ठेवला. पुसट आकडा दिसला की तो ठोकून द्यायचा, तेही एवढ्या खात्रीनं की वाटावं वही ह्यानंच लिहिली. म्हणून ओळ न् ओळ वहीशी ताडून बघितली. एकदा तर मी न बोललेलं त्यानं पदरचं घातलं, अशा बायकांनी खांद्यांचे हलके व्यायाम करावेत म्हणून! चंद्रीनं ते मोठ्यानं वाचलं आणि दोघी उसवायचं टाकून हसत बसलो. रोज तीन मोळ्या आणणारीला व्यायाम सांगतोय. ते काढायला लावलं. मी बोलले नाही ते माझ्या नावावर नको.

पण एक प्रश्न त्यानं असा विचारला की मला पुन्हा वह्यांत शिरावं लागलं. सगळ्या वह्या शेजारी ठेवून त्याला दिसलं, की एका गावच्या नोंदींत ‘उजवा मुंढा सैल’ पुढच्या पुढच्या वह्यांत कमी होत गेलंय. ‘त्या गावात काही बदलले का?’ मी वही काढली. खरंच की! मनात वर्षं लावून बघितली. त्या गावात घरोघरी नळ आले होते. हंडा उतरला, आणि हळूहळू लेकीसुनांचे खांदे सारखे झाले. मी स्वतः ती मापं घेतली, स्वतः लिहिली, आणि मला ते दिसलं नव्हतं. चंद्रीनं विचारलं, “आन् आमच्या वाडीचं?” तिच्या वाडीच्या ओळी बघितल्या. पहिल्या वहीपासून शेवटच्या वहीपर्यंत तेच: उजवा मुंढा पाव इंच सैल. तिनं ब्लाऊज पुढ्यात ओढला आणि उसवायला लागली.

आठव्या दिवशी वरमाय आली. मी पोशीरहून जीपमध्ये मांडीवर ठेवून माझा हंडा आणला होता. तिनं हंडा डोक्यावर घेतला, चालली, उतरवला, मग दोन्ही हात वर करून काल्पनिक तोरण बांधलं, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून गाळ्यातच एक गिरकी घेतली. “व्हय गं, आता नाचते मी!” चंद्री तिच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर काखेवर. तेव्हा मला कळलं, ही शिंपीण झाली.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर टेंपो लागला. चंद्री चढली नाही. आई चढली. आईच्या अंगात चंद्रीनं रात्रीतून नाही, आठवडाभर जपून शिवलेला नवा ब्लाऊज होता, दोन्ही मुंढे सैल, कारण विटा दोन्ही हातांनी उचलतात. ते गणित तिनं कुणाला न विचारता केलं होतं. टेंपोच्या कडीला धरायला आईनं हात वर केला आणि वरूनच म्हणाली, “जातो गं हात. चांगला जातो.” चंद्रीनं मान हलवली. त्या ब्लाऊजचं कौतुक करावं की तो कुठं निघालाय ते बघून रडावं, मला कळेना. मी नाक्यावरच्या दुकानातून पाव किलो शेव घेतली. काही तरी करायला पाहिजे होतं.

ते वर्ष गेलं. आता कशेळ्याच्या गाळ्यात माझं पुस्तक आहे. पुस्तक म्हणजे छापून काढलेली पानं, वर पिशवीचं प्लास्टिक. त्यात तक्ता कमी, प्रश्न जास्त. माप घ्यायच्या आधी चंद्री विचारते: पाणी कुठून आणता? मोळी आणता का? मूल कुठल्या कडेवर? दिवसभर बसता की उभ्या असता? एक आजीबाई तिला म्हणाल्या, “बाय, ब्लाऊज शिवतीस का शिरगणती करतीस?” पण बाया परत येतात. क्लासच्या दोन पोरी येऊन ती पानं उतरवून घेऊन गेल्या. फोनमधल्याला आम्ही अजून विचारतो, आणि तो अजून मधूनच घडी घालतो. आता आम्हाला ती पकडता येते.

आता पुन्हा तेच दिवस. वालाला पानं आली, बँडवाले ताशे शेकतायत, आणि येत्या बुधवारी टेंपो आहे. चंद्रीची आई परत आली तेव्हा ब्लाऊज विटकरी झाला होता, पण शिवण कुठं गेली नव्हती. या वर्षी चंद्री तिला म्हणतेय, हुक-काजं करायला माणूस पाहिजे, तू थांब. आई म्हणते, दोन लग्नघरांवर मी थांबू? तिसरं येऊ दे, मग बघू. पोरगी रोज रस्त्याकडे डोळे लावून बसते. तिसरं लग्नघर अजून आलेलं नाही.

म्हणून तुझा मापाचा ब्लाऊज मी घडी करून तसाच ठेवून दिलाय. त्याच्यावरून कापणार नाही. तो दोन वर्षांपूर्वीच्या रेवाचा आहे, आणि ती काही लग्नाला उभी राहायची नाही. तू ये. एकटी नको, तुझ्या आईला आण, नणंदांना आण, सासूबाईंना सांग की कशेळ्याला एक शिंपीण आहे, ती माप घ्यायच्या आधी तुमची विचारपूस करते. पांढरं कापड मी धुऊन, सावलीत वाळवून ठेवलंय. कापणार चंद्री. मी स्टुलावर बसून नुसती बघणार, आणि बोलणार.

हंडा तू काही उचलला नाहीस जन्मात, तेव्हा येताना तो तुझा लॅपटॉप घेऊन ये. ब्लाऊज घालून त्याच्यापुढे बसवणार तुला, अर्धा तास, पाठ जशी वाकते तशी वाकवून. मगच न्यायचा. सुट्टी नाही म्हणतेस, तर रविवारी ये. सोमवारी ये. पण बुधवारच्या आत ये गं, टेंपो लागायच्या आत.